ड्रम, बिगुल आणि अर्धा गुण

अमेरिकेत मुलं वाढवणाऱ्या आपल्या बऱ्याच घरांत हायस्कूलचं पहिलं वर्ष सुरू झालं, की 'मार्चिंग बँड' हा शब्द येऊन दाखल होतो. आपल्याला आधी वाटतं, शाळेचा बँड म्हणजे पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाच्या वेळी वाजायचा तसाच काहीतरी असेल. मग कळतं, की भर उन्हाळ्यात रोज सात-आठ तास डांबरावर सराव असतो, शुक्रवारी रात्री फुटबॉलचा सामना असतो, शनिवारी पहाटे बस निघते, आणि पालकांनी चाकांवरची अवजड वाद्यं मैदानापर्यंत ढकलायची असतात. 'याचा कॉलेजच्या प्रवेशाला काही उपयोग होतो का हो?' हा प्रश्न मग मंडळाच्या प्रत्येक स्नेहभोजनात कोणी ना कोणी विचारतोच.

आमची मुलगी मेलोफोन वाजवते. तिच्या पायी मी या बँडच्या थोरल्या भावाकडे ओढला गेलो. त्याचं नाव ड्रम कोअर. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी जी दोन अक्षरं दिसतात ती उच्चारायची नाहीत. स्पर्धा पाहायला गेलो, की स्टेडियममध्ये हटकून दोन-चार पांढऱ्या केसांची माणसं भेटतात. 'त्या वर्षी सवाई गंधर्वला मी होतो' हे वाक्य आपले काका ज्या स्वरात म्हणतात, अगदी त्याच स्वरात ही मंडळी म्हणतात, 'व्हाइटवॉटरला मी होतो.' हे व्हाइटवॉटर काय प्रकरण आहे आणि पन्नास वर्षं उलटल्यावरही ते लोकांच्या मनातून का जात नाही, ते या लेखात सांगायचं आहे.

सा, ग, प आणि एक पिस्टन

शाळेच्या बँडमध्ये बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन अशी वाद्यं असतात. ड्रम कोअरमध्ये यातलं काही नाही. पितळी वाद्यं, ड्रम, आणि झेंडे व लाकडी रायफली फेकून झेलणारा कलर गार्ड, ही मुख्य सामग्री. पथक कुठल्या शाळेचं नसतं. साधारण एकवीस-बावीस वर्षांपर्यंतची मुलं उन्हाळ्यात एकत्र येतात, बसने देशभर फिरतात, शाळांच्या व्यायामशाळेत जमिनीवर झोपतात आणि रोज नव्या गावात तोच दहा-बारा मिनिटांचा कार्यक्रम आणखी सफाईने करतात.

सत्तरच्या दशकात ही पितळी वाद्यं म्हणजे बिगुलच होते. साध्या बिगुलाला एकही कळ नसते. नळीची लांबी ठरलेली, त्यामुळे तिच्यातून निघणारे सूरही ठरलेले. आपल्या पेटीवर सा, ग आणि प एवढ्याच पट्ट्या ठेवून बाकीच्या काढून टाकल्या तर जे होईल, तसंच जवळजवळ. लष्करी इशाऱ्यांना एवढे सूर पुरतात, पण गाणं वाजवायचं म्हटलं की अडतं. म्हणून बिगुलाला एक पिस्टन बसवला. तो दाबला की हवा जादा नळीतून फिरते, वाद्य तेवढं लांब होतं आणि सुरांचा दुसरा संच हाती येतो. पुढे त्याच्या जोडीला एक फिरता व्हॉल्व्हही आला. तरी काही सूर निसटायचे. मग संगीत बसवणारे लोक एकच धून तुकड्या-तुकड्यांनी वेगवेगळ्या वादकांना वाटून देत. एवढ्या तुटपुंज्या सामानावर ही मुलं सिम्फनीतले तुकडे वाजवत. दोन पिस्टनना परवानगी १९७७ मध्ये मिळाली, तीनना १९९० मध्ये, आणि २००० पासून तर कुठल्याही पट्टीची पितळी वाद्यं चालू लागली. १९७२ च्या आठवणी सांगणारे लोक 'आमच्या वेळचा आवाज' म्हणून जे म्हणतात, तो या अपुऱ्या बिगुलांचा आवाज आहे.

नियम कोणाचे?

ही पथकं आली कुठून? पहिल्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांच्या दोन मोठ्या संघटना होत्या, अमेरिकन लीजन आणि व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स. त्यांच्या गावोगावच्या शाखांनी लष्करातलेच बिगुल आणि ड्रम घेऊन पथकं उभी केली. आधी माजी सैनिक स्वतः वाजवत, पुढे मुलांची पथकं निघाली. चर्च आणि बॉय स्काउट यांनीही तोच कित्ता गिरवला. शिकागोचे कॅव्हेलिअर्स आणि मॅडिसनचे स्काउट्स निघाले ते स्काउटच्या तुकड्यांतून, तर न्यूअर्कचं ब्लेस्ड सॅक्रामेंट चर्चमधून.

राष्ट्रीय स्पर्धा होत त्या या संघटनांच्या वार्षिक अधिवेशनात. नियम ते करणार, परीक्षक ते नेमणार, अधिवेशन ज्या शहरात असेल तिथे पथकांनी आपल्या खर्चाने जायचं. राष्ट्रध्वजाची मानवंदना कार्यक्रमात कुठे आणि कशी यायची हेही ठरलेलं. मैदानाच्या एका टोकाला आरंभरेषेवर उभं राहायचं, दुसऱ्या टोकाला बाहेर पडायचं. या शिस्तीतून अनेक पिढ्या घडल्या, यात शंका नाही. पण साठच्या दशकाच्या शेवटी पथकांचे संचालक अस्वस्थ झाले होते. मुलांकडून बारा महिने मेहनत करून घेणारे ते, गावोगाव डोनट विकून बससाठी पैसे जमवणारे पालक त्यांच्या पाठीशी, आणि नियमांत मात्र त्यांना आवाज नाही!

१९७१ मध्ये पाच पथकांनी आपली मोट बांधली. कॅस्परचे ट्रूपर्स, कॅव्हेलिअर्स, मॅडिसन स्काउट्स, ला क्रॉसचे ब्लू स्टार्स आणि कॅलिफोर्नियाचं सँटा क्लारा व्हॅनगार्ड. या गटाला लोक 'कंबाइन' म्हणू लागले. पूर्व किनाऱ्यावरच्या पथकांनीही असाच एक गट केला. ट्रूपर्सचे जिम जोन्स आणि कॅव्हेलिअर्सचे डॉन वॉरन या दोघांचा यात मोठा पुढाकार होता. या हालचालींतून ड्रम कोअर इंटरनॅशनल, म्हणजेच डीसीआय ही संस्था उभी राहिली. तिचं सूत्र सरळ होतं. मैदानावर जे उतरतात, त्यांनीच नियम करायचे. वार्षिक स्पर्धेत पहिल्या बारांत येणाऱ्या पथकांना संस्थेचं सदस्यत्व आणि मताचा अधिकार मिळायचा. हा बाराचा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

ऑगस्ट १९७२

नव्या संस्थेने पहिली स्पर्धा भरवली ती न्यूयॉर्कला नाही की शिकागोला नाही, तर विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर या लहानशा विद्यापीठाच्या गावी. तिथल्या टेकडीच्या उतारात बांधलेलं वॉरहॉक स्टेडियम तेव्हा अगदी नवं होतं. ते १९७० मध्ये सुरू झालं होतं. प्राथमिक फेरीत चाळीसेक पथकं उतरली आणि अंतिम फेरीसाठी बारा निवडली गेली.

दोन वर्षांपूर्वी इंडियानापोलिसला माझ्या शेजारच्या खुर्चीवर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ बसले होते. निवृत्त शिक्षक. तरुणपणी इलिनॉयमधल्या एका छोट्या पथकात स्नेअर ड्रम वाजवायचे. ते पथक व्हाइटवॉटरच्या अंतिम फेरीत नव्हतं, हे मात्र स्टँडमध्ये होते. मध्यंतरात मी विचारलं, 'सगळ्यांत जास्त काय आठवतं?' मला वाटलं, एखादी धून सांगतील. ते म्हणाले, 'निकालाची रांग.'

डीसीआयमध्ये निकाल सांगायची एक रीत आहे. सगळी पथकं मैदानावर परततात आणि शांत उभी राहतात. निवेदक शेवटच्या क्रमांकापासून वर येत नावं आणि गुण वाचतो. बारावा, अकरावा, दहावा. आपलं नाव जितकं उशिरा येईल तितकं चांगलं. म्हणजे दर नावागणिक उरलेल्या मुलांचे श्वास आणखी अडकतात, पण कोणी हलायचं नाही. त्या रात्री तिसऱ्या क्रमांकाला सँटा क्लारा व्हॅनगार्डचं नाव आलं. मागे दोन पथकं उरली. एक ब्लू स्टार्स, ते तर विस्कॉन्सिनचेच, म्हणजे घरच्या मैदानावर. दुसरं दूर कॅलिफोर्नियातून आलेलं अनाहाइम किंग्जमेन, डिस्नेलँडच्या गावचं.

किंग्जमेन जिंकले. गुण ८८.१०. ब्लू स्टार्स मागे राहिले ते अर्ध्या गुणाहूनही कमी अंतराने. पहिल्या विजेत्याचं नाव अशा रीतीने लिहिलं गेलं, आणि घरच्या प्रेक्षकांनी आपल्या मुलांसाठी जपून ठेवलेला जल्लोष त्या रात्री पाहुण्यांच्या पदरात पडला. 'आम्ही ब्लू स्टार्सकडून होतो,' ते गृहस्थ म्हणाले, 'पण उठून उभे राहिलो.'

चुकांची वही

अर्धा गुण म्हणजे किती, हे कळायला तेव्हाची गुणपद्धत समजून घ्यावी लागते. माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला ती फारच ओळखीची वाटली.

तेव्हा परीक्षक वर काचेच्या खोलीत बसत नसत. त्यातले बरेच जण हातात पॅड आणि पेन्सिल घेऊन प्रत्यक्ष मैदानात, वादकांच्या रांगांमधून फिरत. कोणाचा पाय चुकला, कोणाची काठी क्षणभर आधी पडली, कोणाचा सूर फुटला, की कागदावर एक रेघ. तिला 'टिक' म्हणत. एका रेघेला एक दशांश गुण वजा. कार्यक्रमाच्या एकूण परिणामाला वेगळे गुण असत, पण मोठा भाग होता तो पूर्ण गुणांपासून सुरुवात करून वजाबाकी करत जाण्याचा. म्हणजे अर्धा गुण म्हणजे पाच रेघा. शंभरावर मुलांच्या, दहा-बारा मिनिटांच्या कार्यक्रमात पाच ठिकाणी पेन्सिल टेकली किंवा टेकली नाही, एवढंच. त्याहून कमी फरकाने त्या रात्री डीसीआयचा पहिला विजेता ठरला.

या पद्धतीचा फायदा उघड आहे. 'मला आवडलं नाही' असं म्हणायला परीक्षकाला जागा नाही. चूक दाखवा आणि गुण कापा. जुन्या वादकांना अजूनही तिचा अभिमान आहे. परीक्षक दोन फुटांवर येऊन गुडघ्यात वाकून तुमच्या काठ्यांकडे बघतोय आणि तुमचा हात कापत नाही, ही त्यांच्या तारुण्याची मोठी कमाई आहे.

पण तोटाही तितकाच उघड आहे. आमच्या धंद्यात प्रोग्रॅममधल्या चुका मोजून माणसाची किंमत ठरवायला गेलं, की हुशार माणसं अवघड काम अंगावर घेणं सोडतात. जो काहीच लिहीत नाही, त्याची चूकही होत नाही. मैदानावरही तेच व्हायचं. अवघड रचना घेतली तर रेघा वाढणार. सोपी, पण स्वच्छ वाजवली तर वाचणार. चूक मोजायला सोपी असते, धाडस मोजायला कठीण असतं. आणि जे मोजता येतं तिकडेच सगळे वळतात.

इथे नियम स्वतःच्या हाती असण्याचा अर्थ कळतो. पथकांनी मनातल्या मनात कुढत बसण्याऐवजी वर्षानुवर्षं वाद घातले, मतं दिली आणि बदल केले. १९८४ च्या हंगामापासून टिक पद्धत बंद झाली. वजाबाकी गेली, बेरीज आली: काय करून दाखवलं आणि ते किती चांगलं केलं, याचे गुण. जॉर्ज झिंगाली यांनी गारफिल्ड कॅडेट्ससाठी वाहत्या, असमान वळणांच्या रचना बांधल्या आणि त्या पथकाने १९८३, ८४, ८५ अशी सलग तीन वर्षं विजेतेपद मिळवलं. चौकोनी लष्करी रांगांचा जमाना तिथून मागे पडला. २०१४ मध्ये ब्लू डेव्हिल्सना ९९.६५० गुण मिळाले. तेव्हाचे ८८ आणि आताचे ९९ शेजारी ठेवून कोण श्रेष्ठ हे ठरवता येत नाही, कारण फूटपट्टीच बदललेली आहे.

आपले नियम आपल्यालाही बोचतात, हाही अनुभव डीसीआयला लवकरच आला. १९७५ मध्ये न्यू जर्सीचं मुचाचोस हे गाजणारं पथक प्राथमिक फेरीनंतर बाद ठरलं. कारण एका सदस्याचं वय मर्यादेच्या वर होतं. एकाच्या वयापायी बाकी सगळ्यांचा उन्हाळा फुकट गेला. जुने प्रेक्षक यावर आजही दोन बाजूंनी भांडतात.

रेकॉर्ड आणि स्मरण

या लोकांशी बोलताना एक गंमत लक्षात आली. १९७२ चं संगीत त्यांना विलक्षण अचूक आठवतं. कुठे ड्रम थांबतात, कुठे बिगुल एकदम चढतात, ते हाताने ठेका धरून दाखवतात. पण कोण कुठून आत आलं, गणवेश नेमका कसा होता, कोणाच्या नंतर कोण उतरलं, यात दोघांचं एकमत होत नाही. याचं कारण साधं आहे. त्या काळात फ्लीटवुड नावाची कंपनी स्पर्धांच्या ध्वनिमुद्रिका काढायची. त्या लोकांनी झिजेपर्यंत ऐकल्या, पुढे कॅसेटवर उतरवून एकमेकांना दिल्या. आवाज असा पुन्हा पुन्हा गिरवला गेला. चित्र मात्र एकदाच पाहिलेलं, त्यामुळे ते ज्याच्या त्याच्या मनात ज्याच्या त्याच्या रंगाने उरलं.

शिवाय, ज्यांची विचारपूस करावी त्यातले बरेच जण त्या रात्री जिंकलेले नसतातच. त्यांना गुण आठवत नाहीत. बसमधली जागा आठवते. गणवेशाचा लोकरी वास, जमिनीवर शेजारी झोपणारा मित्र, आणि आपल्या पथकाचं नाव पुकारलं गेल्यावर स्टँडमधून आलेली आरोळी आठवते.

यशाची किंमत

आता बाराच्या आकड्याकडे येतो. पहिल्या बारांना मताचा हक्क, नाव आणि चांगल्या कार्यक्रमांची निमंत्रणं. तेराव्याला काय? टाळ्या आणि घरी जायचा रस्ता. वरच्या पथकांचा दर्जा वाढत गेला, तसा दौरा लांबला, शिक्षक वाढले, ट्रक वाढले. छोट्या गावातल्या, पोस्टाच्या किंवा चर्चच्या तळघरात सराव करणाऱ्या पथकांना ही शर्यत झेपेना. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अशी पथकं शेकड्यांनी होती. आज डीसीआयच्या स्पर्धेत उतरणारी पथकं काही डझन आहेत, आणि एका मुलाचा एका उन्हाळ्याचा खर्च कित्येक हजार डॉलरांत जातो. सगळा दोष डीसीआयला देता येणार नाही. पेट्रोल महागलं, चर्चचे पैसे आटले, शाळांचे बँड वाढले. पण माथा उंच करताना पाया अरुंद झाला, हे खरं आहे.

खुद्द किंग्जमेनही तगले नाहीत. पहिला विजेता म्हणून ज्यांचं नाव कोरलेलं आहे ते पथक ऐंशीच्या दशकात बंद पडलं. २००७ मध्ये स्पर्धा कॅलिफोर्नियात पॅसाडीनाच्या रोझ बोलवर झाली, तेव्हा त्यांचे जुने सदस्य पुन्हा एकत्र आले आणि मैदानावर उतरले. पन्नाशी-साठीची माणसं, पोटं सुटलेली, पण ओठ अजून बिगुलाला सरावलेले. माझ्या शेजारच्या गृहस्थांचं इलिनॉयचं पथक मात्र असं परतलेलं नाही. त्याचा उल्लेख कुठल्या जुन्या कार्यक्रमपत्रिकेत सापडला तर सापडेल. व्हाइटवॉटरच्या आठवणी सांगताना या लोकांच्या आवाजात अभिमान असतो आणि हळहळही असते. दोन्ही खऱ्या आहेत.

आपल्या पथकाचं काय?

हे सगळं मी आपल्यासमोर का मांडतो आहे? आता अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत ढोल-ताशा पथकं वाजतात. आमच्या गावच्या पथकात गेल्या वर्षी वाद झाला. शेजारच्या शहरांतली पथकं बोलावून स्पर्धा घ्यावी का? तरुण मंडळींचं म्हणणं, स्पर्धेशिवाय वादन सुधारत नाही. वयस्करांचं म्हणणं, बाप्पापुढे कसली स्पर्धा? बैठक तीन तास चालली, चहा दोनदा झाला आणि निर्णय पुढे ढकलला गेला.

माझं मत विचाराल, तर दोघांचंही थोडं बरोबर आहे. स्पर्धेने वादन सुधारतं, हे डीसीआयने दाखवलं. पण फूटपट्टी कोणाची आणि ती काय मोजते, हे आधी ठरवायला हवं. चुका मोजल्या तर सावध वादन मिळेल. फक्त पहिल्या बारांकडे पाहिलं, तर तेरावं पथक हळूहळू दिसेनासं होईल, आणि त्या तेराव्या पथकात कदाचित जेमतेम वीस घरं असलेल्या गावातली आपलीच मुलं असतील. नव्याने ताशा हाती घेतलेल्या दहा वर्षांच्या मुलाला जागा राहील एवढी सोय नियमातच करायला हवी. नियम आपण करणार आहोत, ही आपली सोय आहे. ती लीजनच्या मैदानावरच्या मुलांना नव्हती.

आणि कॉलेज प्रवेशाचं म्हणाल, तर त्याचं उत्तर मला स्टेडियममध्ये मिळालं नाही, आणि मी ते शोधणंही सोडलं आहे. २००९ पासून अंतिम फेरी इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये होते, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. मधल्या पश्चिमेत राहणाऱ्यांना गाडीने जाता येईल. तिकीट थोडं महाग आहे, आणि आवाज इतका असतो की लहान मुलांच्या कानांची काळजी घ्यावी. जाल तेव्हा शक्यतो एखाद्या पांढऱ्या केसांच्या प्रेक्षकाशेजारची जागा घ्या आणि मध्यंतरात व्हाइटवॉटरचं नाव काढा. पुढचं त्यांच्याकडूनच ऐका.